नळदुर्गचं पाणी सुटेपर्यंत गाडीतच मुक्काम: मराठवाड्यातले कडे, तलाव आणि धबधबे

धबधबा म्हटलं की आमच्या इकडची माणसंसुद्धा लोणावळा, माळशेज, आंबोली अशीच नावं घेतात आणि मराठवाडा म्हटलं की टँकर. आम्ही तर लातूरचे, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आमच्याच शहराला, धनेगावचं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं आणि आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत घागरी, कॅन, ड्रम यांच्या रांगा. त्यामुळं आपल्याच भागातलं पडतं पाणी एकदा डोळे भरून बघायचं हे माझ्या मनात तेव्हापासून होतं. अडचण अशी की आपल्याकडचे धबधबे कोकणासारखे जूनपासून धो धो चालत नाहीत. खरा पाऊस बऱ्याचदा भाद्रपदात, परतीचा, आणि तो कोणत्या दिवशी येईल याचा काही नेम नसतो, मग हॉटेल बुक करून शनिवार-रविवारी जाऊन येणाऱ्याला नुसता ओला दगड बघून परतावं लागतं. तिथं थांबायला पाहिजे, आणि थांबायचं तर पाण्याजवळ राहायची सोय पाहिजे, तीच नेमकी नसते.

दुसरी गोष्ट आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, कमोडच लागतो, आणि ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना माहीत असेल की या एका कारणासाठी बायका प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी पीत नाहीत. आत्या तर लग्नकार्याला जायचं टाळायला लागल्या होत्या. म्हणून नवऱ्यानं जेव्हा कॅम्पर व्हॅनचं काढलं तेव्हा मी पहिला प्रश्न संडासाचा विचारला आणि त्याला कमोड आहे म्हटल्यावर लगेच हो म्हटलं.

गाडी पुण्याहून मागवली, ड्रायव्हरसकट. टेम्पो ट्रॅव्हलरच्याच सांगाड्यावर बांधलेली, मागे आडवा मोठा बेड, वर एक बंक, मधली सीट उघडली की तिथं अजून दोघं झोपतात, एक छोटा ओटा, सिंक, फ्रीज आणि एका कपाटाएवढ्या जागेत संडास-बाथरूम. आम्ही सहा जण, म्हणजे मामा-आत्या (सासरे-सासूबाई), आम्ही दोघं आणि दोन पोरं. ड्रायव्हर दादांचा स्वतःचा तंबू होता, पाऊस असला की ते पुढच्या सीटवर झोपायचे. बुकिंगच्या आधी कुणी विचारत असेल तर या गोष्टी विचाराच: पिण्याची आणि वापरायची टाकी किती लिटरची, संडासाची टाकी कशी आणि कुठं रिकामी करायची, बॅटरीवर काय काय चालतं आणि एसीला बाहेरचा प्लग लागतो का. आमच्या गाडीत वापरायचं पाणी शंभर लिटर होतं, एसी फक्त बाहेरच्या करंटवर, आणि दिवे, पंखे, मोबाईल, फ्रीज हे बॅटरीवर. छतावर सोलर होतं पण सलग ढग असले की ते नावालाच राहतं, गाडी तासभर चालली की इंजिनवर बॅटरी चार्ज होते तेच खरं.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी खास पार्क उभारायचंही आहे. आम्हाला आमच्या वाटेवर तसा पार्क कुठं लागला नाही, त्यामुळं रात्री कुठं उभं राहायचं ते आधीच फोन करून ठरवलं. ढाब्याचं आवार, देवस्थानाची पार्किंग, ओळखीच्यांचं शेत. या तिन्ही ठिकाणी माणसं आडवी आली नाहीत उलट गाडी आतून बघायला लेकराबाळांसकट आली, आणि आत्या प्रत्येकाला तो कमोड दाखवायच्या.

लातूरहून औसा करत निघालो, उजनीला बासुंदी घेतली (ती न घेता त्या रस्त्यानं जाणारा माणूस मी अजून बघितला नाही), तुळजापूरला दर्शन आणि तिथून नळदुर्ग. इथं मी सावकाश सांगणार आहे, कारण सगळा प्रवास खरं तर याच्यासाठी होता.

नळदुर्ग किल्ला सोलापूर-हैदराबाद हायवेला लागूनच आहे, लाखो गाड्या तिथून जातात आणि बहुतेक जण थांबत नाहीत. काळ्या बेसाल्टच्या कड्यावर किल्ला, खाली बोरी नदी वळसा घेऊन आलेली, तटाला ११४ बुरूज. आणि नदीच्या पात्रात किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये एक दगडी बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल. १६१३ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात मीर इमादीन यानं तो बांधला. बंधाऱ्याच्या मागे पाणी अडतं, तलाव होतो, आणि तो भरला की दोन सांडव्यांवरून पाणी खाली पडतं, एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. चारशे वर्षं झाली, ती व्यवस्था अजून तशीच चालू आहे.

आम्ही पोचलो तेव्हा तलावात पाणी होतं पण सांडव्याच्या खालीच. हिरवट, शांत, कड्याची काळी सावली पडलेली. दोन्ही सांडवे कोरडे, दगडावर शेवाळाचे वाळके पट्टे. पोरगी म्हणाली, आई हाच का धबधबा? तिथं राखणीला असलेले काका आमच्याबरोबर चालत आले, त्यांना विचारलं.

"कुरनूर भरत आलंय ताई," ते म्हणाले. "वर पाऊस चालू हाय. ते भरून वाहू लागलं की मग हितं नर-मादी चालू व्हतंय बगा. आज रातच्याला वर पडला तर उद्या, न्हाई तर थांबा."

कुरनूर म्हणजे वरच्या अंगाला बोरी नदीवरचं धरण. पहिल्यांदा ते भरणार, मग त्याच्या सांडव्यावरून येणारं पाणी या जुन्या बंधाऱ्यात येणार, मग हा भरणार, मग धबधबा. म्हणजे नळदुर्गात किती पाऊस पडला याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, वरचं धरण भरलं का एवढंच विचारायचं असतं, आणि ते दरवर्षी भरतंच असं नाही. हे आम्हाला लातूरकरांना लगेच समजतं, आम्ही वर्षभर पेपरात मांजराचे टक्केच वाचत असतो.

मग थांबलो. हायवेवरच्या एका ढाब्याच्या मालकाला विचारलं, त्यांनी मागच्या बाजूला मुरमाची जागा दिली, जाड वायरनं करंट दिला आणि बोअरच्या पाईपनं टाकी भरून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हते मग आम्ही दोन्ही वेळा चहा-नाश्ता तिथंच केला. ड्रायव्हर दादांनी गाडी उभी केल्यावर ताटात पाणी ओतून ते ताट ओट्यावर ठेवलं, पाणी एका बाजूला सरकलं तसं डाव्या चाकाखाली फळी घातली, परत बघितलं. गाडी सपाट नसेल तर सिंकचं पाणी जात नाही, फ्रीज कुरकुरतो आणि रात्रभर झोपलेलं माणूस भिंतीला जाऊन चिकटतं.

शंभर लिटर पाणी सहा माणसांना कसं पुरेल ही काळजी गाडीवाल्यांनी फोनवरच बोलून दाखवली होती, रोज भरावं लागेल म्हणाले. आमची टाकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्मी होती. कारण आत्या. भाजी धुतलेलं पाणी पातेल्यात, त्या पाण्यात आधी भांडी विसळायची, मग तेच घमेल्यात काढून ढाब्याच्या कढीपत्त्याच्या झाडाला. नळ करंगळीएवढा सोडायचा, हात धुवायला तांब्या. २०१६ नंतर आमच्या घरात हे कुणी सोडलंच नाही, आता नळाला पाणी येतं तरी. गाडीतल्या त्या एवढ्याशा ओट्यावर त्या उभ्यानं भाकरी थापत होत्या, परात बसत नव्हती म्हणून ताटात पीठ मळलेलं, भाकरी ताटाच्या काठाच्या आत राहील एवढीच, आणि बाहेर उघडलेल्या छताखाली मामा खुर्ची टाकून ढगांकडं बघत बसलेले. तो दिवस कुठं न जाता गेला पण मला तो फार आवडला.

रात्री पाऊस आला. पत्र्यावर पावसाचा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलाय पण गाडीचं छत डोक्यापासून दोन फुटांवर असतं तेव्हा तो आवाज अंगावरच येतो, पोरं उठून बसली. मामा अंधारात एवढंच म्हणाले, "हा वरच्याकडला हाय. पडू द्या."

सकाळी लगेच नाही, दुपारी काकांचा फोन आला. किल्ल्याच्या दारात गाडी लावली तेव्हाच ऐकू आलं. आधी वाटलं हायवेवरचे ट्रक, मग कळलं ट्रकचा आवाज येतो आणि जातो, हा थांबतच नाही. तटावरून बघितलं तर नर सांडवा पूर्ण चालू, पाणी तांबूस, जाड, एका सपाट पडद्यासारखं वरून सुटत होतं आणि खाली दगडावर आपटून त्याचा धूर परत वर बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत. मादी थोडी उशिरा, आधी कडेनं दोन-तीन धारा आणि मग आम्ही बघताबघता त्या एक झाल्या. सगळं गाव आलेलं. कुणी नारळ घेऊन आलेलं.

पाणीमहालात उतरायचा जिना अरुंद आहे, अंधारा आहे. आत्या वर थांबल्या, मी आणि पोरं राखणीच्या काकांना विचारून त्यांच्या मागून उतरलो. आत कोरडं. खरंच कोरडं, भिंतीच्या एका अंगाला तलाव उभा आहे, दुसऱ्या अंगाला धबधबा पडतोय आणि मधल्या त्या खोलीत हात फिरवला तर दगड नुसता गार लागतो. कमानीच्या खिडकीतून समोर पाणीच पाणी, उजेड त्या पाण्यातून गाळून आत येत होता, भिंतीवर हलत होता. तळहात भिंतीला टेकवला तर ती बारीक थरथरत होती, पोरानं कान लावला आणि ओरडून काहीतरी सांगितलं ते ऐकूच आलं नाही. तिथं फारसी शिलालेख आहे. ज्यांनी हे बांधलं त्यांना पाणी अडवायचं होतं, साठवायचं होतं, किल्ल्याला पुरवायचं होतं, पण त्याच दगडात बसून पाणी पडताना बघायची खोलीपण करावी असं त्यांना वाटलं. दुष्काळी भागात पाण्याची केवढी किंमत ओळखली होती त्या माणसांनी. मी लातूरला लहानाची मोठी झाले, दोनेक तासाच्या अंतरावर हे होतं आणि शाळेच्या एकाही सहलीत आम्हाला कुणी या दिवसांत इथं आणलं नाही, सहली नेहमी डिसेंबरात, सांडवे कोरडे असताना. शाळांनी ही एक सहल सप्टेंबरात काढावी असं मला मनापासून वाटतं, अर्थात कठड्याच्या आत आणि मोठी माणसं बरोबर ठेवून.

नळदुर्गहून परत तुळजापूर आणि मग धाराशिवकडून बीडचा हायवे. हा सगळा रस्ता बालाघाटाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावरून जातो. बालाघाट म्हणजे सह्याद्रीसारखे सुळके नाहीत, वरून सगळं सपाट, ज्वारी-सोयाबीनची रानं, आणि चालता चालता एकदम जमीन संपते आणि खाली दरी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर बसलेत, एक थर टणक, खालचा बुडबुड्यांच्या भोकांचा आणि ठिसूळ. ठिसूळ थर पाण्यानं आधी झिजतो, वरचा टणक थर बाहेर आलेल्या ओट्यासारखा राहतो आणि नदी त्याच्यावरून खाली उडी घेते. एकदा हे समजलं की रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक कापात ते थर दिसायला लागतात, पोरांना तो खेळच झाला.

येडशीजवळ रामलिंगला थोडाच वेळ थांबलो. दरीत महादेवाचं देऊळ, भोवती अभयारण्य, माकडं भरपूर, खिडक्या बंद ठेवा. रावणाशी लढताना जटायू इथं पडला असं सांगतात. पाणी बेताचं होतं.

पुढं चौसाळ्याच्या अलीकडं मामांच्या ओळखीच्यांच्या शेतात मुक्काम ठरला होता. तिथं ड्रायव्हर दादा गाडी सरळ रानातल्या मोकळ्या जागेकडं वळवायला लागले, दिसायला छान गवत होतं, तर मामा ओरडले, "ओ दादा, थांबा, ती काळी हाय!" खाली उतरले, टाच रोवली, टाच घोट्यापर्यंत आत. पुण्याकडच्या माणसाला काळ्या मातीचा अंदाज नसतो, उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसात लोण्यासारखी, तीन-चार टनाची गाडी एकदा त्यात बसली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही आणि कधी ट्रॅक्टरही बसतो. गाडी गोठ्याजवळच्या मुरमावर लावली. मराठवाड्यात अशी गाडी घेऊन येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: गवत बघून नाही, मुरूम बघून थांबायचं, आणि रात्रीतून पाऊस आला तर सकाळी कोणत्या बाजूनं निघायचं तेपण झोपायच्या आधी बघून ठेवायचं.

त्या घरातल्या वहिनींनी आत्यांना विचारलं, "गाडीत कशाला झोपू लालाव, घर काय कमी हाय का?" आणि मग त्याच रात्री साडेदहापर्यंत आमच्या गाडीत बसून गप्पा मारत होत्या.

कपिलधारला सकाळी लवकर गेलो, मांजरसुंब्याहून आत. मन्मथस्वामींची समाधी तिथं आहे, वीरशैव लिंगायत समाजाचं मोठं क्षेत्र, कार्तिकात यात्रा भरते आणि लांबून पालख्या-दिंड्या येतात. देवळाच्या अगदी जवळच कड्यावरून धार पडते. आत्यांसाठी सगळ्यात सोपी जागा हीच, फार चालायचं नाही, समोर बसून बघता येतं. त्या बराच वेळ बसल्या. पाण्याचे तुषार चष्म्यावर येत होते तो पुसायच्या आणि परत बघायच्या, आणि निघताना स्वतःहून म्हणाल्या की बाटली भरून द्या गं, तहान लागलीय. प्रवासात पाणी मागून प्यायलेलं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

सौताडा मात्र मोठा. पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या वाटेला, विंचरणा नदी सपाटीवरून येते आणि कड्यावरून खोल दरीत पडते, तळाला रामेश्वराचं देऊळ. वर गाडी लावून कठड्यावरून बघता येतं, आणि पायऱ्यांनी खाली देवळापर्यंत जाता येतं. आम्ही दोन्ही केलं. वरून बघताना पाणी पांढऱ्या दोरीएवढं वाटतं आणि खालून बघताना मान मागं टाकावी लागते, तीन बाजूंनी काळा कडा, थर मोजता येतात, कड्याच्या भोकांतून पारवे बाहेर येऊन परत आत जातात. खालच्या डोहाकडं पोरांना जाऊ दिलं नाही, दगडावर शेवाळ होतं आणि वर पाऊस झाला की पाणी कधी वाढेल सांगता येत नाही. एका गोष्टीचं फार वाईट वाटलं, पायऱ्यांच्या कडेला पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, फुटलेल्या काचा. देवळाच्या पायाशी, एवढ्या पाण्याच्या काठी. आमच्याकडं कचऱ्याच्या पिशव्या होत्या, जेवढं दोन हातात आलं तेवढं पोरांनी वर आणलं, आणि बीडला येईपर्यंत ते गाडीत राहिलं. बाटली रिकामी झाल्यावर तिचं वजन राहतं किती, वर घेऊन यायला काय जातं.

संडासाची टाकी कुठं रिकामी केली हे बऱ्याच जणांनी नंतर विचारलं. ती सुटकेसएवढी असते, बाहेरून छोटं दार उघडून ओढून काढायची, खाली चाकं असतात. ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर विचारायचं आणि तिथल्या संडासात ओतून धुवायची, शेतात किंवा नाल्यात अजिबात नाही. हे काम माझ्या नवऱ्यानं रोज सकाळी केलं, कुणाला सांगायची वेळ येऊ दिली नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या पुढचा भाग तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे म्हणून थोडक्यात. वेरूळला बहुतेक जण कैलास बघून परत फिरतात, पावसात जाणार असाल तर २९ नंबरच्या धुमार लेण्यापर्यंत जाच, शेजारी कड्यावरून पाणी पडतं त्याला सीतेची न्हाणी म्हणतात, मोठमोठ्या खांबांच्या मधून ते दिसतं. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, गाडी घेऊन निघताना हे आधी मांडून घ्या. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवर ठेवावी लागते, पुढं चार किलोमीटर त्यांच्या बसनं. गाडीत सामान, गॅस सगळं असतं म्हणून मामा गाडीजवळच थांबले, लेणी त्यांनी आधी बघितलेली होती. वाघूर नदीनं घोड्याच्या नालेसारखा कडा कापलाय, त्या कड्यात ३० लेणी, आणि टोकाला सप्तकुंड धबधबा. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून हे सगळं एका नजरेत येतं, १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणं दिसलं ते याच बाजूनं असं सांगतात. मी आधीही अजिंठा बघितला होता पण उन्हाळ्यात, चित्रं बघितली आणि घामाघूम होऊन परतलो. पाणी चालू असताना बघितल्यावर कळतं की भिक्खूंनी पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी हीच जागा का धरली असेल.

सहस्रकुंड राहिलं. ते नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ, पैनगंगेवर, अलीकडं मराठवाडा आणि पलीकडं यवतमाळ. तिथंही नळदुर्गसारखंच, वरच्या इसापूर धरणातून पाणी सोडलं की धबधब्याचं रूपच बदलतं म्हणतात, तेव्हा काठावर उभं राहायलासुद्धा जपावं लागतं. नवऱ्यानं गाडीवाल्यांना पुढच्या भाद्रपदासाठी आत्ताच विचारून ठेवलंय, मामा म्हणतात तारीख पक्की करू नका, इसापूर भरल्याची बातमी आली की निघू, आणि गाडीवाले म्हणतात तारखेशिवाय बुकिंग होत नाही. सध्या त्यावर बोलणं चालू आहे. किनवट-हिमायतनगर भागातल्या कुणाचं मुरमाचं आवार असेल, रात्री एक गाडी उभी करता येईल असं, तर जरूर सांगा.